३४९ रुपयांचा मोबाईल मायक्रोस्कोप : दोन हंगाम वापरला, बटाट्याच्या पानावरचे केस बघूनच पैसे वसूल झाले

आधी वस्तू काय ते सांगते, मग बाकीचं. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर कपड्याच्या चिमट्यासारखा बसवायचा छोटा मायक्रोस्कोप आहे, काळ्या प्लास्टिकचा, अंगठ्याएवढा, बाजूला फोकस करायचं चाक, समोर दोन पांढरे एलईडी आणि एक जांभळा लाइट, तो नोटा तपासायला दिलाय. ऑनलाइन ३४९ ला मागवला आणि बटाट्याचे दोन रब्बी हंगाम याच्यासोबत काढले. डब्यावर कंपनीचं नाव धड नाही, हाच माल दहा नावांनी मिळतो, त्यामुळे नावापेक्षा वस्तू कशी आहे तेच लिहिते. आणि नुसतं चांगला आहे घ्या एवढंच लिहून काही कळणार नाही, शेतकऱ्याच्या घरात असली वस्तू कशाला पाहिजे हा पहिला प्रश्न येतोच, आमच्या घरात पण आला होता, म्हणून मी याच्यातनं काय काय बघितलं ते सविस्तर सांगते, जरा लांबेल.

आमचं शेत लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. आपल्याकडं बटाटा म्हणजे तसं नवलच, सगळं शिवार सोयाबीन, तूर, हरभरा, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याचा ऊस. बटाटा पिकवावा तर मंचर-खेडकडच्या लोकांनी. पण आमचा विहिरीखालचा १२ गुंठ्यांचा तुकडा आहे, तिथं ऊस नको असं ठरल्यापासनं आम्ही बटाटा लावतो, कुफरी पुखराज, बेणं मंचरहून येतं. त्या तुकड्याचं सगळं मीच बघते, मालकांकडं बाकीचं रान.

लातूरला बीएस्सी केलं तेव्हा बॉटनी होता मला. पुस्तकात ट्रायकोमवर म्हणजे पानावरच्या केसांवर जेमतेम अर्धं पान होतं, साधे केस, ग्रंथी असलेले केस, आकृती काढा, चार मार्क. मायक्रोस्कोपखाली एकदाच बघितलेलं, ते पण सरांनी लावून ठेवलेल्या स्लाइडवर, रांगेत उभं राहून पाच सेकंद, मागची मुलगी ढकलतेय तोवर. पुढं लग्न झालं, शेतात आले, बटाट्याची भर लावताना पानांवर हात घासायचा, थोडी खरखर लागायची, आणि दर वेळी वाटायचं की हे एकदा नीट बघायला पाहिजे. ती इच्छा ३४९ रुपयात पुरी झाली ह्याचा मला खरंच आनंद आहे.

आता मोठं किती दिसतं ते. डब्यावर छापलंय ६० पट. मी लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी खाली धरून मोजलं, माझ्या मोबाईलची स्क्रीन ७ सेंटीमीटर रुंद आहे आणि तेवढ्या रुंदीत पट्टीवरचे बरोबर ३ मिलिमीटर मावले, म्हणजे हिशेब केला तर २३-२४ पट झालं. कॅमेऱ्याचा झूम ओढला तर ६० पर्यंत नेता येतं पण त्यानं चित्र नुसतं पसरतं, नवीन काही दिसत नाही. म्हणजे डब्यावरचा आकडा धरून चालू नका. पण पानावरचे केस आणि मावा, फुलकिडे, कोळी असल्या पिकावरच्या बारीक किडी, एवढं बघायला २३ पट भरपूर आहे हे पण तितकंच खरं.

पान कसं बघायचं ते सांगते कारण पहिले दोन दिवस मला काहीच दिसलं नव्हतं, सगळं हिरवं धुरकट. कोवळं पान घ्यायचं, शेंड्याकडनं दुसरं-तिसरं, तोडल्या तोडल्या बघायचं कारण तासाभरात मऊ पडतं, आणि उलटं करून पाटावर ठेवायचं, वरनं काच-बिच दाबायची नाही, केस आडवे होतात. मायक्रोस्कोपचं तोंड पानाला जवळजवळ टेकतं. मग चाक अगदी हळू फिरवायचं, केसाचा शेंडा एका फोकसला दिसतो आणि बूड दुसऱ्या फोकसला, एकदम सगळं कधीच दिसत नाही. पानाची कड जराशी उचलून आडवं बघितलं तर सगळ्यात छान, उजेड मागनं येतो आणि केस काचेच्या सुयांसारखे उभे दिसतात.

पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी पाटापुढं तशीच बसून राहिले, चहा गार झाला. पुखराजच्या पानाला शिरेवर दाट आणि मधल्या भागात विरळ असे लांब केस, पेरं पेरं असलेले, उसाला असतात तशी, टोकाला अणकुचीदार. आणि त्यांच्या बुडाशी, फार शोधल्यावर, एक वेगळाच केस, बुटका, त्याच्या डोक्यावर छोटी चार खणांची गाठ, लवंगेच्या डोक्यासारखी. सबंध पानात मला अशा गाठी थोड्याच सापडल्या. लांब केस हे नुसते केस. खरी करामत त्या गाठीत आहे.

ती करामत पूर्ण जोरात बघायची तर दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाच्या रानबटाट्याकडं जावं लागतं, सोलॅनम बर्थॉल्टी नाव त्याचं. त्याच्या पानावर गाठीवाले केस पुखराजसारखे मोजके नसतात, दाट असतात, आणि दोन जातीचे असतात. एक तो बुटका, चार खणांच्या डोक्याचा, त्याला ए टाइप म्हणतात. दुसरा लांब, सडपातळ, आणि त्याच्या टोकावर कायम एक चिकट थेंब लटकलेला, हा बी टाइप. हा थेंब आपल्या लागवडीच्या बटाट्यावर मला एकदाही दिसला नाही आणि शास्त्रज्ञ पण हेच सांगतात की तो आपल्या बटाट्यात नाही.

आता मावा ह्या रानबटाट्याच्या पानावर उतरला तर काय होतं बघा. पहिल्यांदा त्याचे पाय लागतात उंच केसाच्या थेंबाला. हा थेंब साखर आणि चरबीतल्या आम्लासारखी आम्लं जोडून झाडानं बनवलेला असतो, गोड खायची साखर नव्हे, डिंकासारखी चिकट चीज. पायाला चिकटलं की मावा सोडवायला धडपडतो, आणि त्या धडपडीत खालच्या बुटक्या केसांची डोकी फुटतात. त्या डोक्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात, एक फिनॉल जातीचा पदार्थ आणि दुसरं एक एन्झाइम, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. डोकं फुटलं की दोन्ही एकत्र येतात, हवा लागते, आणि तो रस तपकिरी होऊन घट्ट व्हायला लागतो. माव्याच्या पायावर बूट चढवावेत तसा तो थर चढतो, तोंडाच्या सोंडेवर पण बसतो, सोंड बुजली की रस ओढता येत नाही, आणि पाय सुटले नाहीत तर तो तिथंच चिकटून उपाशी मरतो. आधी चिकटा, मागनं सिमेंट. दोन केस मिळून काम करतात, एकटा उंच केस नुसता अडखळवतो आणि एकटा बुटका केस त्याला किडा आपटेपर्यंत फुटत नाही.

हे एन्झाइम आपल्या ओळखीचं आहे बरं का. बटाटा चिरून ठेवला की काळपट पडतो, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो, ते काळं पडणं म्हणजे हीच गोष्ट. सुरीनं पेशी फुटल्या, फिनॉल आणि एन्झाइम भेटले, हवा लागली. रोज सकाळी डब्याची भाजी चिरताना मी जे टाळायला बघते तेच झाड पानावर मुद्दाम करतंय, हे कळल्यापासनं फोडी पाण्यात टाकताना हात जरा थांबतोच.

ह्याच्याकडं लक्ष गेलं ते इंग्लंडमध्ये. रॉथमस्टेड नावाचं जुनं शेती संशोधन केंद्र आहे, तिथल्या गिब्सन ह्या शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये लिहिलं की काही रानबटाट्यांच्या ग्रंथीवाल्या केसांमुळं मावा अडकतो. आणि १९८३ मध्ये गिब्सन आणि पिकेट ह्या दोघांनी अजून एक गोष्ट दाखवली, माझ्या मते सगळ्यात भारी. ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, माव्याला पकडतो ना, तेव्हा मावा मागच्या दोन नळ्यांतनं एक वास सोडतो, ई-बीटा-फार्नेसीन नावाचा, तो धोक्याचा इशारा असतो, शेजारचे मावे तो आला की सोंड काढून पळतात नाहीतर पानावरनं खाली पडतात. तर हा रानबटाटा स्वतःच्या केसांतनं नेमका तोच वास सोडतो! म्हणजे झाडच माव्याच्या भाषेत ओरडतंय की पळा, इथं काहीतरी आलंय, आणि मावा बिचारा उतरायच्या आधीच मागं फिरतो. मी हे वाचलं त्या रात्री मालकांना उठवून सांगितलं होतं.

हे सगळं आपल्या रानात बघता येत नाही ही खंत होती, पण मग लक्षात आलं की चिकट केसांची झाडं आपल्या बांधावरच आहेत. टोमॅटो घ्या. टोमॅटोची बगलफूट काढली की हाताला पिवळट हिरवा काळपट मळ चिकटतो आणि तो उग्र वास, साबण लावला तर फेस पिवळा होतो, हे सगळ्यांना माहिताय. तो मळ म्हणजे हजारो फुटलेल्या गाठी. मायक्रोस्कोपखाली टोमॅटोचं देठ ठेवलं की उंच केसांच्या जंगलात बुटके पिवळसर मण्यासारखे गोळे दिसतात, चार खणांचे, अगदी त्या बटाट्याच्या ए टाइपचे भाऊबंद, एकाच घराण्यातले आहेत ना दोघं. आणि देठावर चिकटून मेलेली इवलीशी चिलटं. एका देठाच्या बोटभर तुकड्यावर मी सात मोजली. वांगं पण त्याच घराण्यातलं पण त्याचे केस वेगळे, चांदणीसारखे, एका बुडातनं सगळीकडं फाकलेले, गाठ नाही चिकटा नाही. लेकीला वांग्याचं पान सगळ्यात आवडलं.

पण खरी मजा हरभऱ्याची. येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, आमच्या लातूर-धाराशिवकडं सगळं गाव शेतात असतं, कडब्याची कोप म्हणजे छोटी झोपडी, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. त्या दिवशी आम्ही पहाटेच शेतात गेलो आणि सासूबाईंनी आदल्या रात्री हरभऱ्यावर अंथरलेलं पांढरं धोतराचं फडकं उचलायला घेतलं. आंब धरायची म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, थंडीत हरभरा फुलावर आला की रात्री त्याच्यावर धुतलेलं फडकं टाकायचं, दवासोबत झाडाचा आंबट अंश त्याच्यात उतरतो, पहाटे पिळून बाटलीत भरायचा, ती आंब. पोट दुखलं की जुनी माणसं चमचाभर पाण्यातनं देतात, आमच्या घरात अजून एक बाटली फळीवर असते.

मी तिथंच हरभऱ्याचा एक डहाळा मोडून मोबाईल लावून बसले. सासूबाई म्हणाल्या, "सकाळपासनं काय बघलालीस गं त्याच्यात?" म्हणलं, "आत्या, तुमची आंब बघलाले, या." चष्मा पुसून त्यांनी बघितलं. पानाच्या कडेला, देठाला, घाट्याच्या सालीला, सगळीकडं उभे केस आणि प्रत्येक केसाच्या शेंड्यावर एक गोल थेंब, उजेडात हिऱ्यावानी चमकणारा, काही थेंब जडावून खाली घसरायला लागलेले. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे हे दवानं आलेलं नव्हं, झाडाच्याच अंगचं हाय." सत्तरीच्या बाईनं साठ वर्षं आंब पिळली आणि तिचा थेंब पहिल्यांदा त्या दिवशी बघितला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ह्या वस्तूला पाचपैकी पाच दिले असते.

त्या थेंबात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. हरभरा उपटून हात चोळले तर चुरचुरतात ते त्यानंच, आणि पांढरी पँट घालून हरभऱ्यातनं गेलं की कापड खराब होतं ते पण. ह्याच आम्लामुळं बऱ्याच किडींना हरभरा नको वाटतो. घाटे अळी मात्र त्याला पुरून उरलीय, पण ऑक्झॅलिक आम्ल जास्त असलेल्या वाणावर तिची पण वाढ मंदावते असं प्रयोगात दिसलेलं आहे. बटाट्याचा चिकटा आणि हरभऱ्याची आंब, वस्तू वेगळी पण युक्ती एकच, केसाच्या शेंड्यावर शस्त्र ठेवायचं. दुपारी कोपीत भज्जी-उंडे झाल्यावर पाहुण्यारावळ्यांची रांग लागली होती मोबाईलपुढं, सगळ्यांना थेंब बघायचा होता, तीन सेल त्याच दिवशी संपले.

मग साहजिकच प्रश्न येतो, जो आमच्या दिरानं पण विचारला, की वहिनी एवढं चांगलं आहे तर तो केसाळ बटाटाच आणून लावा की, फवारणीच बंद. हे काम अमेरिकेत झालंय. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात प्लेस्टेड आणि टिंगी ह्यांनी बर्थॉल्टीचा संकर खायच्या बटाट्याशी करून वर्षानुवर्षं निवड केली, त्यांना मुख्य त्रास होता कोलोरॅडो बीटल नावाच्या भुंगेऱ्याचा, तो आपल्याकडं नाही, तिकडं मात्र तो बटाट्याचं झाडच्या झाड बोडकं करतो. त्यातनं प्रिन्स हेअरी आणि किंग हॅरी अशा जाती निघाल्या, हेअरी म्हणजे केसाळ, नावातच सांगून टाकलंय. पण ते सोपं नव्हतं. रानबटाट्याकडनं केस घ्यायला गेलं की त्याच्यासोबत बाकीचं पण येतं, उशिरा पिकणं, उत्पन्न कमी, कंदात कडवट विषारी ग्लायकोअल्कलॉइड वाढणं, आणि हे वेगळं करायला पिढ्यान् पिढ्या लागतात. शिवाय चिकट थेंबाचा बी टाइप आणि बुटका ए टाइप दोन्ही एकत्र टिकवणं अजून अवघड. मला ह्यात त्या लोकांच्या चिकाटीचं फार कौतुक वाटतं, बटाट्याचं बी धरायचं, रोपं करायची, हजारो रोपांतनं चार ठेवायची, परत संकर. आपल्याकडच्या जातींच्या नावात जे कुफरी लागतं ना, पुखराज, ज्योती, चंद्रमुखी, ते शिमल्याजवळच्या कुफरी गावावरनं, तिथं केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं काम चालतं, आणि ते पण असंच संथ काम आहे.

आणि केस जास्त म्हणजे सगळं चांगलं असं पण नाही, हे आपल्या कापूसवाल्यांना सांगायची गरज नाही. कापसाच्या पानाला लव दाट असली की तुडतुड्याला शिरेत अंडी घालायला अडचण होते, म्हणून लवाळ वाण तुडतुड्याला कमी बळी पडतात, आपल्या नांदेडच्या संशोधन केंद्राचा नांदेड ४४ सगळ्या मराठवाड्यानं लावला त्याच्यामागं तुडतुड्याला दम धरणं हे पण एक कारण होतं. पण त्याच लवेवर पांढरी माशी खुश असते. एकाला काटा तो दुसऱ्याला गादी. बटाट्यात पण चिकट केस फारच दाट झाले तर ढालकिड्याच्या अळ्या आणि माव्यात अंडी घालणारी इवली गांधीलमाशी, हे आपले मित्र पण अडकतात. मध्यम दाट असले तर दोन्ही जमतं.

इथंच ह्या मायक्रोस्कोपचा खरा उपयोग झाला म्हणून हे सांगतेय. हा घ्यायच्या आधीच्या वर्षी माझ्या दोन वाफे मिरचीचा चुरडा-मुरडा झाला, पानं वळली, एका कृषी सेवा केंद्रात गेले, तिथं पान न बघताच फुलकिड्याचं औषध दिलं, मी दोनदा मारलं, मिरची गेली ती गेली. पुढच्या साली मिरचीची पानं परत वळायला लागली तेव्हा हा हातात होता. पानं खाली वळलेली, होडी उलटी ठेवल्यासारखी, आणि पानाच्या पाठीला मायक्रोस्कोप लावला तर पारदर्शक पिवळट ठिपके चालताना दिसले, आठ पायांचे. कोळी. फुलकिड्यानं पान वर वळतं, कोळ्यानं खाली, हे पण मग नीट कळलं. फुलकिड्याची बरीच औषधं कोळ्याला लागू होत नाहीत. पाण्यात विरघळणारं गंधक मारलं, तेवढ्यात निभावलं. गेल्या वेळचे औषधाचे १,१०० रुपये आणि दोन दिवसाची मजुरी आठवली की अजून जिवाला लागतं.

आणि ह्या साली बटाट्यावर मावा आला तेव्हा. पौषात आभाळ येतं दोन-तीन दिवस, दमट होतं, की मावा येतोच. बटाट्यात मावा रस पितो त्यापेक्षा तो विषाणू नेतो हे जास्त वाईट, पानं वळायचा रोग, लीफ रोल म्हणतात तो, आणि मोझॅक. म्हणून पंजाबात बेणं करणारे १०० पानांवर २० मावे दिसले की सरळ पाला कापून टाकतात, थांबतच नाहीत. मी काय बेणं करत नाही, खायचा बटाटा करते, त्यामुळे मला एवढं कडक राहायची गरज नाही, पण मोजायला शिकले. तुकड्यात आडवं-उभं फिरून पानं घेतली, उलटी करून बघितली. आणि मायक्रोस्कोपखाली जे दिसलं ते बघून मी फवारणीचा पंप परत खाली ठेवला. माव्यातले बरेच हलत नव्हते. फुगलेले, सोनेरी तपकिरी, भाजलेल्या ज्वारीच्या दाण्यासारखे टम्म, आणि काहींच्या पाठीला सुबक गोल भोक, झाकण उघडावं तसं. त्या इवल्या गांधीलमाशीनं माव्याच्या पोटात अंडं घातलेलं असतं, अळी आतनं माव्याला खाते आणि पाठीला भोक पाडून बाहेर पडते. नुसत्या डोळ्यांना हे फक्त "मावा आहे" एवढंच दिसतं. शेजारीच ढालकिड्याची अळी, काळी, केशरी ठिपक्यांची. म्हणलं ह्यांना आठ दिवस देऊ. दिले. रोज सकाळी त्याच खुणेच्या दहा झाडांवर बघायचे. नवव्या दिवशी जिवंत मावा शोधावा लागत होता. एक फवारणी वाचली, पण पैशापेक्षा मला हे समाधान जास्त आहे की त्या माशा मी मारल्या नाहीत.

आमच्या पुखराजवर बोलिव्हियाच्या बटाट्यासारखा चिकटा नाही, म्हणून त्याला ह्या माशांची गरज जास्त. हे मला पानावरचे केस बघून सुचलं, पुस्तकातनं नाही.

आता वस्तूच्या तक्रारी. चिमटा लेचापेचा आहे, सातव्या महिन्यात स्प्रिंगजवळ तडकला, तेव्हापासनं मोबाईलला रबर लावून बांधते. कॅमेऱ्याच्या भोकावर नेमका बसवायला दर वेळी मिनिटभर जातं, आणि ज्या मोबाईलला मागं तीन-चार कॅमेरे आहेत त्याच्यावर मोबाईल आपणहून कॅमेरा बदलतो आणि स्क्रीन काळी होते, दिराच्या मोबाईलवर हे फार झालं, माझ्या जुन्या एका कॅमेऱ्याच्या मोबाईलवर उत्तम चालतो. सेल घड्याळातले बटणसेल, तीन लागतात, सोबत आलेले चार दिवसात गेले. लातूरला गंजगोलाईत घड्याळाच्या दुकानात सहज मिळतात, एकदम दहा-बारा आणून ठेवा. जांभळ्या लाइटचा पानाला काही उपयोग नाही. उन्हात शेतात स्क्रीन दिसत नाही, डोक्यावर पदर घेऊन बघावं लागतं, नाहीतर पान घेऊन कोपीत या. वाऱ्यात तर जमतच नाही, पान हललं की गेलं.

नुसतं मावा आहे का कोळी आहे एवढंच बघायचं असेल तर १० पटीचं घडीचं भिंग घ्या, सराफ वापरतात तसलं, ते शे-दीडशेत येतं, सेल नाही काही नाही, खिशात राहतं, मी आता शेतात तेच नेते. पण केसाच्या शेंड्यावरची गाठ आणि थेंब त्याच्यात तेवढा स्पष्ट येत नाही, आणि दुसऱ्याला दाखवता येत नाही, फोटो काढून ठेवता येत नाही. माझ्याकडं आता बटाटा, टोमॅटो, हरभरा, वांगं, भेंडी, कापूस, तीळ एवढ्यांच्या केसांचे फोटो आहेत, लेकीनं त्यांची वही केलीय, खाली नावं लिहून.

५ पैकी ४. एक स्टार चिमट्याचा आणि खोट्या ६० पटीचा कापला. दुसरा मागवलाय, येळवसेच्या आत येईल, ह्या साली माहेरच्या शेतात न्यायचाय, आईची पण आंबेची बाटली आहे.